पार्वताबाई पाखरं पाहायला निघाल्या

पार्वताबाईंनी ही गोष्ट घरात काढली ती डिसेंबरातल्या एका रविवारी, सगळे जेवायला बसले असताना. सून सविता भाकरी वाढत होती. मुलगा जीवन कुणाच्या तरी जळालेल्या पाण्याच्या मोटारीबद्दल फोनवर बोलत होता आणि दहा वर्षांची नात संबोधी भरतातली मिरची शोधून शोधून ताटाच्या कडेला लावत होती.

"यंदा आपन बठ्ठा नांदूरमध्यमेश्वरले जाऊत," पार्वताबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या.

त्यांचे पती आधारभाऊ घास हातात धरून थांबले. "तठे कोन वारनं?"

तिथं कोण मेलं, असं त्यांनी विचारलं, त्यात त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. सोनगीरच्या या घरातून माणूस गावाबाहेर पडायचा तो कामासाठी. मयत, लग्न, दवाखाना, नाही तर नागपूरची दीक्षाभूमी. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं पाचोऱ्याला गेले ते नणंदेच्या बाळंतपणाला, जळगावला गेले ते लेकीच्या, ममताच्या, सोयरिकीला आणि मुंबईला गेले ते सहा डिसेंबरला, तेही दोनदाच. नुसतं पाहायचं आणि परत यायचं, एवढ्यासाठी या घरातून कुणी गाडीत बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कोनी नई वारनं. पाखरं देखाले जानं शे."

"पाखरं ते आठे बी शेतस," आधारभाऊ म्हणाले आणि घास तोंडात घातला. त्यांच्यापुरता विषय तिथंच संपला.

पार्वताबाईंपुरता तो बरीच वर्षं चालू होता.

सोनगीरच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत, एक लहानसं गाव आहे. तिथल्या शाळेत पार्वताबाईंनी बावीस वर्षं खिचडी शिजवली. साठी झाली तसं गेल्या एप्रिलात काम थांबलं. शेवटच्या दिवशी मुलांनी शाल दिली, नारळ दिला, बाईंनी सगळ्यांना गोड शिरा केला आणि रिक्षात बसून घरी आल्या. पण शाळेचा पहिला दिवस त्यांना या शेवटच्या दिवसापेक्षा जास्त लख्ख आठवायचा.

त्या दिवशी मुलं ताटल्या घेऊन ओट्यावर रांगेत बसली होती. बाईंनी पातेल्यात डाव घातला तशी अकरा मुलं उठली. ताटल्या तिथंच ठेवून घरी निघून गेली. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती, बाई कुठल्या वस्तीतल्या ते गावाला माहीत होतं. त्या डाव धरून तशाच उभ्या राहिल्या. पुढे जावं की पातेलं झाकून घरी जावं, काही सुचेना. तेवढ्यात सातवीच्या वर्गातून रतिलाल सर बाहेर आले. उठून गेलेल्या मुलांच्या जागेवर त्यांनी मांडी घातली, एक ताटली पुढे ओढली आणि म्हणाले, "वाढा."

खाऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसले. मग रोजच. आठव्या दिवशी चार मुलं परत आली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळी. सरांनी यावर गावात कुणाशी वाद घातला नाही, परिपाठाला भाषण केलं नाही, आणि पार्वताबाईंशीही कधी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे बाईंनाही त्याबद्दल काही बोलायला कधी निमित्त मिळालं नाही.

या रतिलाल सरांना पक्ष्यांचं वेड होतं. बाकीच्या शाळा सहली किल्ल्यावर न्यायच्या, देवस्थानाला न्यायच्या. सरांची सातवी दरवर्षी जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरलाच जायची. निफाडजवळ गोदावरीवर जुना बंधारा आहे, त्याच्या मागे पाणी पसरून दलदल झाली आहे आणि थंडीत तिथं कुठकुठल्या देशांतून पाखरं येऊन उतरतात. सहलीच्या दिवशी बाई पहाटे शाळेत येऊन पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायच्या. डबे बसमध्ये चढायचे, पाण्याचा पिंप चढायचा, मुलं चढायची. बस गेली की बाई उरलेल्या वर्गांच्या खिचडीला लागायच्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर सर स्वयंपाकाच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि काल काय काय पाहिलं ते बाईंना सांगायचे. बाई पातेलं घासता घासता ऐकायच्या. चमचा म्हणून एक पक्षी आहे, त्याची चोच खरोखर आपल्या डावासारखी पसरट. शेकाट्याचे पाय इतके लांब की उडताना शेपटीमागे लोंबतात. जांभळी पाणकोंबडी बोरूच्या बेटातून अशी बाहेर येते, जशी नवी साडी नेसून बाई अंगणात येते. चक्रवाक नेहमी जोडीनं. मुलंही यायची, वहीतली चित्रं दाखवायची. चौदा सहलींत बाईंना पन्नासेक पाखरं नावानिशी पाठ झाली. मग सर निवृत्त झाले आणि सहली दुसरीकडे जायला लागल्या.

तर त्या रविवारी आधारभाऊंनी विषय संपवला, पण सवितानं तो उचलला. सविता नशिराबादची, धुळ्यात एका दवाखान्यात नर्स. सासू कधी काही मागत नाही हे तिला ठाऊक होतं. साडी घ्या म्हटलं तरी "शेतस ना" असं उत्तर यायचं. त्यामुळे हे मागणं तिला मोठं वाटलं. तिनं जुन्या कॅलेंडरचं पान फाडून उलट्या बाजूवर यादी करायला घेतली. कोण कोण, कधी, कुठली गाडी, काय काय घ्यायचं.

"आई, तारीख तुम्हीच सांगा."

"नाताळनी सुट्टीमा," पार्वताबाई म्हणाल्या.

पण नाताळात गव्हाची पाणीपाळी सुरू होती. रानातल्या मोटारी धडाधड जळत होत्या आणि जीवनच्या रिवाइंडिंगच्या दुकानासमोर शेतकरी सकाळी सातपासून उभे असायचे. "माय, आते दुकान बंद कयं ते लोके माले घर येईसन मारतीन," तो म्हणाला. मग जानेवारीचा पहिला रविवार ठरला, तेव्हा सविताची ड्यूटी लागली. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, तर पाचोऱ्याहून फोन आला की आधारभाऊंचे मेहुणे गेले. सगळे तिकडे धावले. तिकडून परत येताना बसमध्ये पार्वताबाईंना वाटलं की आपण उगीच हट्ट धरला. दुखवट्याचे दिवस, पोरांची कामं, आणि आपल्याला पाखरं सुचतात. घरी आल्यावर त्या सविताला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पोरी. पुढला साल देखूत."

सवितानं कॅलेंडरच्या पानावरची तारीख खोडली आणि खाली नवी लिहिली. जानेवारीचा शेवटचा रविवार. "तुम्ही फक्त सरांना विचारून या, तिथं कुठं उभं राहिलं की नीट दिसतं ते," ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणाला काही कळत नाही."

म्हणून पार्वताबाई संबोधीला घेऊन धुळ्याला गेल्या. देवपुरात सरांचं घर शोधायला वेळ लागला नाही, पण सरांना पाहून त्या दारातच थबकल्या. सर सहासष्टचे, दिसत होते ऐंशीचे. कंपवात झालेला. उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरत होता. शेजारी चार पायांची काठी. त्यांची सून ज्योती म्हणाली, दोन वर्षं झाली, कॉलनीच्या बाहेर पडले नाहीत.

आवाज मात्र तोच होता. बाईंनी सहलीचं सांगितल्याबरोबर ते सरसावून बसले. "उजाडताना पोहोचा. ऊन चढलं की पाखरं लांब जातात. आधी बंधाऱ्याच्या बाजूला, मग मनोऱ्यावर." नकाशा काढून देतो म्हणून त्यांनी पेन्सिल हातात घेतली, पण रेघ कागदभर थरथरत गेली. त्यांनी पेन्सिल संबोधीकडे दिली. "तू काढ, मी सांगतो." मग ते सांगत गेले आणि पोरगी काढत गेली. नदी, बंधारा, बोरूची बेटं, दोन मनोरे. दोन वर्षं न पाहिलेली जागा ते डोळे मिटून सांगत होते.

नकाशा झाला, चहा आला. सरांनी नकाशा बाईंकडे दिला.

"पार्वताबाई, चौदा सहली नेल्या मी," ते म्हणाले. "एकदाही तुम्हाला बसमध्ये बसा म्हणालो नाही."

"उरलेल्या पोरांची खिचडी कोणी केली असती, सर?" सरांशी बाई शाळेतलं मराठी बोलायच्या.

"एक दिवस कुणीही केली असती. मीच सांगून ठेवलं असतं तर झालं असतं. मला सुचलं नाही, एवढंच खरं. तुमच्या पुऱ्या दरवर्षी बसमध्ये असायच्या, तुम्ही नसायच्या, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता दिवसभर रिकामा बसतो, तेव्हा वाटतं."

बाईंनी लगेच "नाही हो सर" असं म्हटलं नाही. ते खरं होतं आणि सर खरं म्हणून सांगत होते. त्या कपातला उरलेला चहा प्यायल्या, कप खाली ठेवला.

"मला पण एक सांगायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही रांगेत येऊन बसले नसते, तर दुसऱ्या दिवशी मी आली नसती. पातेलं झाकून घरी गेली असती, ती गेलीच असती. त्या कामावर माझी ममता शिकली, जीवन आयटीआयला गेला. हे मी रोज मनात म्हणत होती. तोंडानं कधी म्हटलं नाही."

"खिचडी चांगली होती म्हणून बसलो," सर म्हणाले. मग खिडकीकडे पाहून म्हणाले, "नाही. तेवढ्यासाठी नव्हतो बसलो."

संबोधी एकदा आजीकडे, एकदा सरांकडे बघत होती. आतून ज्योती आली, तिनं कप उचलले आणि काही न विचारता पुन्हा आत गेली.

"तुम्ही चला ना आमच्याबरोबर," पार्वताबाई म्हणाल्या. हे घरून ठरवून आलेलं नव्हतं. सर हसले. मला धरून उठवावं लागतं, दर चार तासांनी गोळी लागते, लघवीला वारंवार थांबावं लागतं, तुमची सहल बाजूलाच राहील आणि मला सांभाळत बसाल, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाई ऐकत होत्या. "गाडी सात सीटांची आहे आणि आम्ही पाचच जण आहोत," एवढंच त्या म्हणाल्या. ज्योतीनं डॉक्टरांना विचारते म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला की जाऊ द्यायला हरकत नाही, आणि बाबा कालपासून जुनी दुर्बीण पुसत बसलेत.

आता सगळी आखणीच बदलली. सवितानं नवं पान घेतलं. गोळ्यांच्या वेळा, घोंगडी, प्लास्टिकची हातवाली खुर्ची, जादा कपडे, पातळ खिचडी वेगळ्या डब्यात. शेवटी प्रश्न राहिला रस्त्याचा. कुठं थांबायचं, कुठं स्वच्छ सोय आहे, कुठं गाडी आदळते. जीवन फोनवर नकाशा बघायला लागला, तेव्हा ओसरीत बसलेले आधारभाऊ पहिल्यांदा बोलले.

"फोनले काय मालूम?"

आधारभाऊ बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, कडेची झाडं जगवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. लळिंगच्या घाटातलं वळण न् वळण त्यांना ठाऊक होतं आणि त्यापुढचं ट्रकवाल्यांच्या तोंडून ठाऊक होतं. ते उठून आत आले, यादीसमोर बसले आणि सांगायला लागले. इथं थांबायचं, इथं नाही. या पुलावर गाडी हळू घ्यायची, सरांना धक्का बसेल. दुपारी फिरताना लासलगावकडून यायचं नाही, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. सविता लिहीत गेली. शेवटी तिनं विचारलं, "भाऊ, मग तुमचं नाव लिहू ना?"

"सरले धरीसन उतरावाले कोनी पाहिजे का नई?" आधारभाऊ म्हणाले. "सरनं वजन जीवनले झेपाव नई."

त्यांना काम मिळालं होतं. पार्वताबाई चुलीपाशी तोंड फिरवून हसल्या.

जळगावहून ममताला मात्र येता आलं नाही, तिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. ठरल्या दिवशी जीवनच्या मित्राची, हितेंद्रची, गाडी पहाटे दाराशी आली. पुऱ्या आणि सुकी भाजी सवितानं केली. सासूला तिनं चुलीजवळ येऊ दिलं नाही. देवपुरात सर स्वेटर, मफलर, कानटोपी घालून आधीच ओट्यावर येऊन बसले होते. आधारभाऊंनी त्यांच्या बगलेत हात घातला आणि अलगद उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, जसं काही हे काम ते रोजच करत होते.

पोहोचले तेव्हा उजाडलं होतं, पण दिसत काहीच नव्हतं. पाण्यावर दाट धुकं. समोर हातभर अंतरावर बोरू आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं. आतून आवाज येत होते. क्वॅक्, किर्र, मध्येच पाण्यावर फडफड. संबोधी कंटाळली. जीवन घड्याळ पाहायला लागला. बंधाऱ्याच्या कडेला खुर्चीत बसलेले सर मात्र कान देऊन ऐकत होते. "थापट्या बदक," ते म्हणाले. "हे बघा, पाणकोंबडी." पार्वताबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना घाई नव्हती.

नऊच्या सुमारास धुकं उठलं. आधी पाण्याची कड दिसली, मग बेटं, आणि मग बेटांवरची पाखरं. शेकड्यांनी होती. बाईंनी पदर तोंडाला लावला. इतकी असतील हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण ऐकलेलं शेकड्यांनी आणि पाहिलेलं शेकड्यांनी वेगळं असतं.

मनोऱ्याच्या पायऱ्या उंच होत्या, सरांना चढणं शक्य नव्हतं. "तुम्ही जा, मला इथून जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे," असं म्हणून त्यांनी दुर्बीण बाईंच्या गळ्यात घातली. गुडघे धरत, दोनदा थांबत त्या वर पोहोचल्या. वरून पलीकडचं पाणी दिसत होतं, खालून न दिसणारं. त्यांना वाटलं, हे सरांना कसं सांगावं? तिथं ओरडायला मनाई होती. शेवटी जीवननं सरांना फोन लावून आईच्या कानाला दिला.

"सर, पलीकडे चमचे आहेत," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"किती?"

"वीस तरी. नाही, जास्त. मान इकडे तिकडे फिरवत चालतात पाण्यात."

"तसेच खातात ते. पुढे?"

"चक्रवाक. जोडीनंच आहेत. अजून एक जोडी. एक एकटा पण आहे, सर."

"त्याची असेल तिथंच कुठं तरी. नीट बघा."

बाईंनी नीट पाहिलं. होती, गवतामागे. मग त्यांना जवळच्या उथळ पाण्यात शेकाटे दिसले, काटक्यांसारख्या पायांवर उभे. त्यांनी दुर्बीण त्या पायांवर धरली.

"सर, तुम्ही शेकाट्याचे पाय लाल सांगितले होते."

"हो."

"गुलाबी आहेत."

खाली खुर्चीत बसलेले सर हसायला लागले. हसता हसता त्यांच्या हातातला फोन हलत होता आणि आधारभाऊंनी तो त्यांच्या कानाशी धरून ठेवला. "मग माझं चुकलं," सर म्हणाले. "चौदा वर्षं चुकीचं सांगितलं. तुम्ही म्हणता तर गुलाबीच असतील."

दुपारी सगळ्यांनी झाडाखाली डबे उघडले. सरांना आधारभाऊंनी भरवलं, कारण चमचा तोंडापर्यंत जाताना अर्धा सांडत होता. सर संकोचले, तेव्हा भाऊ म्हणाले, "आम्ही रस्तावर रोलरवाल्याले बी असंच भरावूत, त्याना हात काळा राहेत." सरांचा संकोच गेला. पार्वताबाई पुऱ्या खात पाण्याकडे बघत राहिल्या. आज पाखरांची नावं आठवायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. उडत होती, उतरत होती, एवढंच त्या बघत होत्या. हे आपल्याला मिळालं, या वयात, दोन्ही डोळे शाबूत असताना मिळालं, असं त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

परतीच्या वाटेवर सर झोपले. देवपुरात ज्योतीनं दार उघडलं तेव्हा सरांनी तिला उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली, आणि ते अजून सांगतच होते तेव्हा गाडी वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविता ड्यूटीला निघायच्या घाईत चपला शोधत होती. पार्वताबाईंनी तिच्यासमोर चहाचा कप धरला.

"तू नवी तारीख लिखी नसती ते मी गई नसती," त्या म्हणाल्या.

सविता कप घेऊन उंबऱ्यावरच बसली. बस चुकेल हे तिला दिसत होतं, तरी बसली. "पुढल्या वेळी ममताताईंना पण घेऊ," ती म्हणाली आणि चहा फुंकत फुंकत पिऊ लागली.